जुडग्यातली अनोळखी चाबी: कोणत्या कुलपाची, ते कसं ओळखायचं

खेड्यातलं जुनं घर आवरायला घेतलं की चाब्यांचा एक जुडगा हमखास हाती लागतो. देवघराच्या कोनाड्यात, खुंटीवर, नाहीतर आलमारीच्या वरच्या खणात. सुतळीत ओवलेल्या वीस-पंचवीस चाब्या असतात. त्यातल्या चार-पाच रोजच्या, बाकीच्या कशाच्या ते घरात कोणालाच सांगता येत नाही. मग कोणीतरी जुडगा घेऊन घरभर फिरतो आणि दिसेल त्या भोकात सापडेल ती चाबी घालून पिळतो. संध्याकाळपर्यंत एक चाबी मोडलेली असते आणि तिचा तुकडा नेमका चालू असलेल्या कुलपात अडकलेला असतो.

चाबी लावून पाहणं हे शेवटचं काम. त्याआधी ती वाचायची. कुलूप दाराचं की पेटीचं, ते एका बाजूने उघडतं की दोन्ही बाजूंनी, आत पत्र्या आहेत की पिना, हे सगळं चाबीवरूनच कळतं. नीट वाचलं तर पंचवीस भोकांची तपासणी दोन-तीन भोकांवर येते.

हाताशी काय हवं

टॉर्च, भिंग, मिलिमीटरची पट्टी (प्लास्टिकचा व्हर्नियर मिळाला तर उत्तम), जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, टूथब्रश, थोडं डिझेल, दोरा, जाड कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक वही. कानस, पकड, हातोडी मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवा. जवळ असली की हात तिकडेच जातो.

जुडगा सोडण्याआधी

सुतळी लगेच कापू नका. पसरून दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि ओळीने आकडे द्या. एका खोलीच्या, एका माणसाच्या चाब्या बहुधा शेजारी-शेजारी ओवलेल्या असतात. कोठाराची चाबी ओळखू आली तर तिच्या शेजारची चाबी कोठारातल्याच संदुकीची निघण्याची शक्यता बरीच. जुडगा कुठे सापडला तेही लिहा. बैठकीतला आणि स्वयंपाकघरातला जुडगा यांच्यात फरक असतो.

घासायची घाई नको. डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने माती आणि सुटा गंज काढा, बस. पॉलिश पेपर लावला की मुठीवर ठोकलेले बारीक आकडे जातात, आणि तेच सर्वांत मोलाचे असतात.

ही कुलपाची चाबी तरी आहे का?

आपल्याकडे फिरवायच्या कुठल्याही वस्तूला चाबी म्हणतात, त्यामुळे जुडग्यात परकी मंडळी बरीच असतात. ती आधी वेगळी काढा.

फुलपाखरासारखी मूठ, आखूड नळी आणि नळीत चौकोनी भोक असेल तर ती भिंतीवरच्या घड्याळाची. तबकडीवर दोन भोकं असलेल्या घड्याळात एक चालण्याच्या स्प्रिंगचं, दुसरं टोल्यांच्या स्प्रिंगचं. दोन्हींना चाबी तीच. टोकाला शंकूसारखे दाते आणि आडवी दांडी असेल तर ती ड्रिल मशिनची चक-चाबी. कमरेपर्यंत येणारी, वर आडवा दांडा आणि खाली चौकोनी खोबण असलेली सळई नळयोजनेच्या व्हॉल्व्हची. ती वॉलमनला परत करा, तो शोधत असेल.

टोकाला तिकोनी किंवा चौकोनी खोबण, नाहीतर नळीच्या आत समोरासमोर दोन खाचा, अशी आखूड चाबी दिसली तर ती विजेच्या पॅनेलची. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टर पेटीला अशी असते. ही चाबी हातात आली म्हणून महावितरणच्या डीपीला लावून पाहायची नाही. ते काम लाईनमनचं.

काळ्या प्लास्टिकच्या मुठीची, पातळ पात्याची चाबी ट्रॅक्टरची असू शकते. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना एकाच मॉडेलची चाबी चालते, म्हणून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला ती लागली तर चकित होऊ नका. काळजी मात्र करा, कारण त्याची तुमच्याला लागेल.

दांडी वाचा: पोकळ की भरीव

जुन्या पद्धतीच्या चाबीचे तीन भाग: धरायची मूठ, मधली दांडी आणि टोकाशी झेंड्यासारखं निघालेलं पातं. सगळे पात्याकडे पाहतात. पण आधी दांडीचं टोक पाहायचं.

टोकाला भोक असेल, म्हणजे दांडी नळीसारखी पोकळ असेल, तर त्या कुलपात भोकाच्या मधोमध एक खिळा उभा असतो आणि चाबी त्यावर बसून फिरते. असं कुलूप एकाच बाजूने उघडतं, कारण खिळा आरपार जाता येऊ देत नाही. पेटी, संदूक, कपाट, गल्ला, लटकतं कुलूप ही सगळी या घराण्यातली. आत-बाहेर दोन्हीकडून चाबीने उघडायच्या दाराला पोकळ चाबी लागणार नाही. एवढ्या एका गोष्टीवर निम्मी भोकं बाद होतात.

दांडी भरीव असेल तर पात्याच्या पायऱ्या, म्हणजे बाहेरच्या कडेचे उंचसखल टप्पे, दोन्ही टोकांकडून मोजा. दाराच्या आतून घातलेली चाबी कुलपाच्या एका अंगाने शिरते, बाहेरून घातलेली दुसऱ्या अंगाने. त्यामुळे दोन्हीकडून चालणाऱ्या चाबीचं पातं मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखं असावं लागतं: पायऱ्यांची उंची २-४-१-४-२ अशा चढउतारासारखी, उलटी वाचली तरी तीच. असं पातं दिसलं की ते दाराचं. २-४-३-१ असं वेडंवाकडं असेल तर कुलूप एकाच बाजूचं.

मग लांबी. मुठीच्या खालच्या कड्यापासून पात्यापर्यंत दांडी मोजा. दाराच्या आतल्या अंगावर ठोकलेल्या कुलपाला बाहेरून चाबी लावायची तर तिला पूर्ण फळी ओलांडून जावं लागतं. फळी ४५ मिलिमीटर जाड आणि दांडी १५ मिलिमीटर असेल, तर ती चाबी त्या दाराची असूच शकत नाही, मग पातं कितीही जुळो. उलट ६०-७० मिलिमीटर दांडीची चाबी टिनाच्या पेटीला कोणी देत नाही.

पातं वाचा: खाचा की पायऱ्या

पात्याला कडेने आत गेलेल्या सरळ फटी असतील, कधी क्रॉससारख्या, कधी इंग्रजी ई सारख्या, आणि बाहेरची कड सपाट असेल, तर कुलूप जुन्या साध्या पद्धतीचं. आत नुसते पत्र्याचे अडथळे असतात आणि फटी त्यांना चुकवतात. अशा कुलपात गंमत अशी की मधला भाग कापून टाकलेली चाबीही फिरते, कारण काम फक्त टोक करतं. म्हणून एका संदुकीची चाबी दुसरीला लागते, आणि म्हणूनच यात दागिने ठेवायचे नसतात.

बाहेरची कडच उंचसखल असेल, जिन्यासारखी, तर ते लिव्हरचं कुलूप. आतल्या पितळी पत्र्या प्रत्येकी ठराविक उंचीपर्यंत उचलल्या तरच जीभ, म्हणजे कुलूप बंद धरणारा सरकता तुकडा, सरकते. पायऱ्या मोजून लिहा. त्यातली एक पत्रीसाठी नसून जीभ ओढण्यासाठी असते, म्हणून सहा लिव्हरच्या कुलपाच्या चाबीवर बहुधा सात पायऱ्या सापडतात. लटकत्या कुलपाच्या अंगावर ‘६ लिव्हर’, ‘८ लिव्हर’ असं इंग्रजीत कोरलेलं असतं. तो आकडा आणि पायऱ्या ताडून पाहणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी.

एक चाबी हातात घेऊन हे करून पाहू. समजा एकूण लांबी ५८ मिलिमीटर, दांडी पोकळ, पात्यावर पाच पायऱ्या, उलटसुलट सारख्या नाहीत, चुंबकाला चिकटते, मुठीवर तीन आकडी क्रमांक. पोकळ म्हणून दार बाद. पाच पायऱ्या म्हणून साधी टिनाची पेटी बाद. उरलं चार लिव्हरचं, एका बाजूने उघडणारं काहीतरी: लटकतं कुलूप, लाकडी कपाट, नाहीतर गल्ला. आता फक्त तेवढ्याच ठिकाणी खिळा असलेलं भोक शोधायचं आणि खिळ्याची जाडी दांडीच्या पोकळीशी ताडायची. अजून एकदाही चाबी लावलेली नाही.

सपाट, एका कडेला करवतीसारखे दाते आणि अंगावर लांबच लांब नाळी असलेली चाबी पिनांच्या कुलपाची, म्हणजे ज्याच्या आत स्प्रिंगवर बसलेल्या बारीक पिना दाते उचलतात त्याची. दऱ्या मोजल्या की पिनांची संख्या कळते, साधारण पाच किंवा सहा. इथे दातांआधी नाळी पाहायच्या. भोकाचा वेडावाकडा आकार आणि नाळींचा आकार जुळला नाही तर चाबी शिरणारच नाही. दोन्ही कडांना दाते असलेली छोटी चाबी टेबलाचा खण, सुटकेस, मोटारसायकलची डिकी अशांची. कडा सरळ आणि अंगावर खळगे असतील तर तीच ती, जिला चाबीवाले ‘कॉम्प्युटर चाबी’ म्हणतात. कॉम्प्युटरचा तिच्याशी काही संबंध नाही.

खरोखरच विचित्र दिसणाऱ्या

टोकाला स्क्रूसारखे आटे असलेली लोखंडी किंवा पितळी सळई ही पेचाच्या कुलपाची चाबी. जुन्या वाड्यांत, कोठारांत, देवळांच्या दानपेट्यांवर ही कुलपं अजून सापडतात. नवखा माणूस ती घालतो, पाऊण फेरा फिरवतो, काही होत नाही म्हणून सोडून देतो. ही चाबी फिरवतच राहायची असते. प्रत्येक फेऱ्याला आतली जीभ स्प्रिंगविरुद्ध थोडी थोडी मागे येते आणि शेवटी कडी सुटते. पाच-सहा फेरे लागतात, कधी जास्त. मध्येच जड वाटलं तर ती स्प्रिंग आहे, अडथळा नाही. एकदम दगडासारखी थांबली तर तो गंज. तिथे जोर केला की आटे झिजतात, आणि असे आटे पुन्हा पाडून देणारा आठवडी बाजारात मिळत नाही. डिझेलचे चार थेंब टाकून कुलूप रात्रभर उलटं टांगा, सकाळी परत फिरवा. कुलूप लावताना आधी चाबी उलटी फिरवून बाहेर काढा, तेव्हाच जीभ कडीला धरते.

दुसरी विचित्र चाबी म्हणजे काटकोनात वाकलेली पट्टी, तिच्या टोकाला एक-दोन चौकोनी भोकं. ही फिरवायची नसते, सरळ ढकलायची असते. कुलपाच्या आत बाणाच्या टोकासारख्या पसरलेल्या स्प्रिंगा असतात. पट्टीची भोकं त्यांच्यावरून सरकली की त्या दबतात आणि कुलपाचे दोन तुकडे होऊन कडी बाहेर येते. पाहणाऱ्याला वाटतं मोडलं. मोडलेलं नसतं, ते उघडतंच तसं.

या दोन्ही प्रकारांत भोक अनेकदा दिसतच नाही. सरकती पट्टी, फिरणारी फुली, खोटा रिव्हेट यांच्याखाली लपवलेलं असतं. अंगावरचा प्रत्येक नक्षीचा खिळा नखाने सरकवून, फिरवून पाहा. जो किंचित हलतो, तो झाकण.

लांब सळई, टोकाला आकडा, आणि दाताचं नाव नाही? ती बाहेरून दाराच्या भोकातून घालून आतली आगळ सरकवायची. दारावर छातीच्या उंचीला एखादं बुजवलेलं भोक आहे का पाहा.

नळीसारखी गोल आणि नळीच्या काठावरच खाचा असलेली चाबी गल्ल्याची, सायकलच्या कुलपाची किंवा दुकानातल्या यंत्राची. पोकळ दांडीच्या चाबीशी तिची गल्लत होते. फरक सोपा आहे: हिला बाजूला पातंच नसतं. अधिकच्या चिन्हासारखी, चारी बाजूंना दाते असलेली चाबी शटरच्या किंवा लोखंडी दाराच्या कुलपाची, बहुधा गेल्या तीस-चाळीस वर्षांतलीच.

ठोकलेली अक्षरं आणि आकडे

मुठीवर भिंग धरा, टॉर्च तिरपा मारा. कंपनीचं नाव सापडलं तर काळ ठरवायला मदत होते. मुंबईत गोदरेजचं कुलपांचं काम १८९७ साली सुरू झालं, तेव्हा ते नाव असलेली चाबी त्याआधीची नाही. अलिगढचं नाव असलेली कुलपं तर आपल्या प्रत्येक बाजारात येतात. जुन्या जिनिंगच्या, सावकारी पेढीच्या कपाटांवर ‘चब’ हे इंग्रजी नाव दिसलं तर जरा जपून. त्या कंपनीचं पहिलं कुलूप १८१८ चं. चुकीच्या चाबीने एखादी पत्री जास्त उचलली गेली की ते मुद्दाम अडकून बसतं. १८२४ च्या सुधारणेनंतर ते सोडवायला वेगळी चाबी लागत नाही: खरी चाबी आधी कुलूप लावायच्या दिशेने फिरवायची, मग उघडायच्या. ‘खरी चाबी असूनही उघडत नाही’ अशा जुन्या तिजोरीवर हा उपाय आधी करून पाहा.

नुसता आकडा असेल तर तोच आकडा कुलपाच्या अंगावर, आलमारीच्या दाराच्या आतल्या पट्टीवर किंवा कागदपत्रांच्या थैलीतल्या पावतीवर शोधा.

चांगल्या पोलादाची, जड, नेमकी कापलेली चाबी आणि घरात तिच्या जोडीचं काहीच नाही, असं असेल तर ती बँकेच्या लॉकरची असू शकते. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार लॉकरच्या चाबीवर बँकेचा किंवा शाखेचा ओळख-कोड कोरलेला असायला हवा. जुन्या चाब्यांवर तो नसेलही. अशा वेळी मयत माणसाचं पासबुक काढा आणि दरवर्षी ठराविक महिन्यात कापली जाणारी लॉकर-भाड्याची रक्कम शोधा. लॉकर दोन चाब्यांनी उघडतो, दुसरी बँकेकडे असते, त्यामुळे एकट्या चाबीने काही होत नाही. वारसाचे कागद घेऊन शाखेतच जावं लागतं.

आता कुलपाकडे

घरातली सगळी भोकं वहीत लिहा: उंची, रुंदी, मध्ये खिळा आहे की नाही, फळीची जाडी. टॉर्च मारल्याशिवाय काहीही आत घालू नका. कुंभारीण माशी रिकाम्या भोकात मातीचं घर करते, आणि ते भरलेलं भोक बाहेरून नुसतं काळं दिसतं. शिवाय दिवाळीच्या रंगरंगोटीत चुना आत ओघळून वाळलेला असतो. बारीक तारेने माती उकरून काढा, भोक खाली तोंड करून ठोका, मगच पुढे.

गोडंतेल, खोबरेल टाकू नका. ते घट्ट होतं, त्यावर उन्हाळ्याची धूळ बसते आणि आत चिखल होतो. लिव्हरच्या कुलपाला शिलाई मशिनचं तेल दोन थेंब. पिनांच्या कुलपाला पेन्सिलचं शिसं उगाळून त्याची पूड. दोन्ही एकत्र नको, त्याचा लगदा होतो.

लावून पाहताना

अंगठा आणि एक बोट, एवढाच जोर. मूठभर ताकद लागत असेल तर चाबी चुकीची किंवा कुलूप अडलेलं. पूर्ण आत जाऊ द्या, मग एक केसभर मागे घेऊन पुन्हा फिरवा, कारण झिजलेली चाबी कधीकधी जरा जास्तच आत जाते. दोन्ही दिशांनी पाहा. अर्धवट फिरून थांबली तर दुसरा फेरा बाकी असू शकतो. दाराच्या आणि तिजोरीच्या कुलपांना दोन फेरे पुष्कळदा असतात.

लटकतं कुलूप साखळीच्या ताणाने अडतं. कडी आत दाबून धरा आणि मग फिरवा. पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार असेल तर गुडघ्याने किंचित उचलून किंवा आत ढकलून पाहा.

लोखंडी आलमारीचं वेगळं आहे. वर, खाली आणि बाजूला जाणाऱ्या सळया दाराच्या मुठीने हलतात. चाबी फक्त मुठीला अडवते. मूठ शेवटपर्यंत बसलेली नसेल तर खरी चाबीही फिरत नाही. आधी मूठ घट्ट बंद करा, मग चाबी. तरीही नाही? खाली पाहा. सारवलेल्या जमिनीवर एक पाय खचला की सगळी चौकट तिरपी होते आणि सळया घासतात. त्या पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला की वर्षभर ‘खराब’ असलेलं कुलूप फिरतं. हे इतक्या वेळा कारण निघतं की आलमारीच्या बाबतीत इथूनच सुरुवात करावी.

चाबी सापडली की तिची नक्कल लगेच करून घ्या, पण मूळ चाबीवरून. नकलेवरून नक्कल केली तर दर वेळी केसभर चूक वाढते आणि तिसरी चाबी अडकू लागते. चाबीवाल्याकडे जाताना शक्य असेल तर कुलूपही न्या. मूळ चाबीच झिजलेली असेल तर तो कुलूप उघडून पत्र्यांवरून उंची घेईल.

चाबी नाहीच मिळाली आणि तिजोरी सामाईक वाड्यातली असेल, तर सब्बल घालण्याआधी सगळ्या हिस्सेदारांना बोलवा, दोन बाहेरचे साक्षीदार ठेवा, व्हिडिओ काढा. आणि जमिनीतून किंवा भिंतीतून चाबी निघाली म्हणून गुप्तधनाच्या गोष्टी सांगणारा कोणी दारात आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. खरोखरच दडवलेलं काही निघालं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

जुळलेल्या चाबीला चिठ्ठी बांधताना ‘कोठाराची’ असं लिहू नका. नुसता आकडा लिहा, अर्थ वहीत, वही वेगळ्या जागी. न जुळलेल्या चाब्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि डब्यावर तारीख टाका. शेतातली खोली, माहेरी गेलेली पेटी, भावाच्या वाटणीत गेलेलं कपाट ही भोकं अजून वहीत आलेली नसतात.